लोशनच्या तीन बाटल्या

अमरावती, ४ डिसेंबर २०२४

चि. सौ. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू हो आत्या म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहून पाठवते. श्रेयसला लोशन लावणं आजच बंद कर. मी बाळंतविड्यात दिलं तेच.

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण बाटलीवरचा ‘सुगंध’ हा शब्द कधी उलगडून पाहिला नाही. परवा वाचलं. वास टिकावा म्हणून त्यात थॅलेट असू शकतं; प्लास्टिक मऊ करायला वापरतात त्याच जातीचं. ते कातडीतून आत जातं, तान्ह्यांच्या लघवीत सापडलंय, वाढीच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं अशी शंका आहे. आपल्या बाटलीत ते आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. झोप उडाली आहे.

मालिशवाल्या पार्बताबाईंचा तेलाचा डबा कळकट म्हणून लोशनचा हट्ट मीच धरला. तीन महिने, रोज दोनदा! उलट टपाली कळव.

तुझी,
अनुपमाआत्या

अकोला, ८ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

श्रेयसला तुझं लोशन एकदाही लागलेलं नाही. मी तुला खोटं सांगत होते. पार्बताबाईंनी बाटली हुंगली अन् म्हणाल्या, लेकराच्या अंगाले लेकराचाच वास पायजे, हे काहून फासून राहिल्या? तेव्हापासून तिळाचंच तेल. तुला सांगायची हिंमत कुणाची? आई म्हणे, आत्या पुन्हा परीक्षेला बसवेल.

पण आत्या, वाया कशाला म्हणून तिन्ही बाटल्या मी त्यांच्या सुनेला दिल्या. तिची पोर पाच महिन्यांची. पार्बताबाई नको म्हणत होत्या. अमरावतीच्या मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर सुनेनं सासूचं ऐकलं नाही. आता तिला काय सांगू, ते तूच सांग.

तुझी,
मैथिली

अमरावती, १२ डिसेंबर

पार्बताबाईंस,
नमस्कार.

मैथिली हे वाचून दाखवेल. परवा माझा फोन जाताच तिनं तुमच्या घरून बाटल्या आणल्या. दोन रिकाम्या, एक अर्धी. म्हणजे अडीच बाटल्या पोरीच्या अंगात जिरल्या.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, आता वापरू नका, घाबरू नका. पुढचं आत्ताच सांगता येत नाही, असंही म्हणाले.

रविवारी बडनेरा स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं येते. आधी तुमच्याकडे, मग मैथिलीकडे. सुनेला मीच सांगेन, मॅडम चुकल्या. तुमच्या डब्याला कळकट म्हटलं, त्याबद्दल काय बोलायचं ते तोंडावर बोला.

त्या दिवशी मी येईपर्यंत पोरीला न्हाऊ घालू नका. तिच्या अंगाला अजून तो वास येतो, की तुम्ही म्हणता तसा लेकराचाच, हे मला बघायचं आहे.

राग असला तरी दार उघडाल, एवढीच आशा.

अनुपमा