दोघींची एक पट्टी

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आले: सामानाचा टेम्पो, भाडे १८००. केरसुणी ९०. तुळशीचे रोप १५. पुण्याच्या संस्थेची छातीवर लावायची पट्टी, फुकट.
यांना कारखान्यात नोकरी लागली, अंकुशनगरात क्वार्टर मिळाले. देवाची कृपा. पट्टी सायीसारखी मऊ, ताणेल तेवढी ताणते. संस्थेचे रामराव साहेब म्हणाले, सासूबाईंच्या काळजाचे ठोके मोबाईलवर दिसतील. फाटली तरी आपोआप जुळते, पण मुद्दाम कापू नका.

२० नोव्हेंबर
आमची सत्यशीला चौथीत, तरी जिना चढली की धापा टाकते. जालन्याला दाखवायचे तर नुसती तपासणीच दोन हजार. पट्टी जुळते म्हणजे अर्धीही चालणार. देवापुढे बसून कात्रीने मधोमध कापली. अर्धी सासूबाईंना, अर्धी पोरीला. साहेबांना फोनवर सांगितले, बराबर लावली.

२३ नोव्हेंबर
मोबाईलवर दोघींची एकच रेघ. एरवी दारापर्यंतही दमणाऱ्या सासूबाई देवळापर्यंत चालत गेल्या. म्हणाल्या, "प्रेमला, तुझ्या हाताला गुण हाय. माझा लेक नुसती बिस्किटं आणतो." मी हसले. सत्यशीला शाळेतून आली ती न जेवता झोपली.

२७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, मन लागले नाही. पोरीचे ओठ फिके. तिची पट्टी सोलू लागले, तर बाहेरच्या खोलीतून सासूबाई कळवळल्या, माझ्या उराला चिमटा कोण काढून राह्यलं म्हणून. यांनी विचारले. मी खोटे बोलले.

२९ नोव्हेंबर
पोरीच्या पट्टीला कात्री लावली. कात्री खाली ठेवेपर्यंत जुळली. आता कड सापडत नाही. वर कातडी येत आहे —

३० नोव्हेंबर
सासूबाईंना सगळे सांगितले. शिव्या देतील वाटले. म्हणाल्या, "माझी काढ. म्या लई जगले." नखाने उचलली — पोरीचे डोळे फिरले. सोडली.
मंग पोरीची उचलली. सासूबाई निळ्या पडल्या. मला दिसत होते. तरी सोडली नाही, दहापर्यंत मोजले — देवा, दहा — मग पोरही निळी —

१ डिसेंबर
यांनी दोघींना अंबडला दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, छातीवर पट्टीच नाही.
साहेबांचा फोन बंद. ही चिठ्ठी —
रामराव साहेब, पट्टी मी कापली. दोघी एका खाटेवर आहेत. सकाळी बावन्न ठोके होते, आता चाळीस. दोघींत कोण जगावे हे देवावर सोडते असे सगळ्यांना सांगते. खरे म्हणजे मी ठरवले आहे. सासूबाईंनाही ते कळले, तरी माझा हात धरून — पोरीला धक्का न लागता कशी काढायची, तेवढे उलट टपाली कळ