खुर्चीवरचा हिरवा मफलर

सेंत-एतियेन, रविवार

हट्टी आन्सेल्म,

काल हरलो. शेवटच्या मिनिटाला, पेनल्टीवर! आपल्या फुटबॉल क्लबाने आणखी एक वर्ष दुसऱ्या श्रेणीत सडायचं.

"क्लब पहिल्या श्रेणीत गेला की येईन," असं बाबांना सुनावून तू गेलास, तेही ल्योंला, आपल्या वैऱ्यांच्या गावात! बाबा अजून दर सामन्याला तुझ्या खुर्चीचं तिकीट काढतात, तिच्यावर तुझा हिरवा मफलर पसरतात. कुणी बसू लागलं की खेकसतात, "दिसत नाही? मुलगा येतोय माझा!"

काल सगळं स्टेडियम रडत होतं. बाबा मात्र मफलरची घडी घालत होते.

मी चिडून म्हटलं, "हा क्लब काही वर येत नाही, बाबा."

"क्लब गेला खड्ड्यात," ते म्हणाले. "पोरगा कधी येणार?"

हे तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांनी.

तुझी ताई,
ओदिल