जाऊबाईंच्या रोपाचं ऑपरेशन

ती. जाऊबाईंना,
धाकट्या जावेचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतात तेवढा).

पत्राला उशीर झाला, रागावू नका. ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? थेंब वेळेवर पडतात ना? सूनबाई घालते म्हणे. तिला आधी हात धुवायला सांगा. इकडची काळजी नको. तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. आईला आता कायमचं इथेच ठेवून घेतो म्हणाला. मी म्हटलं, उत्तम! दोघे भाऊ गेल्यापासून या घरात आपण दोघीच, एकमेकींच्या चुका काढत बसलेल्या. तिथे निदान नातवंडं आहेत. अगदी निवांत राहा. मी मजेत आहे.

आता रोपाबद्दल. आधी बसून घ्या. तुमच्या आईंच्या हातचं ते जाड पानांचं रोप न्यायचं विसरलात आणि फोनवरून माझ्या स्वाधीन केलंत, तेव्हा कसं छान बसकं होतं! ऊन बाधेल म्हणून मी ते जिन्याखाली ठेवलं (पेशंटला कोणी उन्हात ठेवतं का?). उजेड शोधत ते सरळ वर निघालं. वीतभर वाढलं म्हणून मी कौतुकाने शेजारणीला दाखवायला नेलं, तर ती म्हणाली, "मावशी, हे वाढलेलं नाही, लुकडं झालंय. कापून पुन्हा लावा."

कापायला मी कधी घाबरले? छत्तीस वर्षं ड्रेसिंग रूममध्ये काढली. कात्री उकळून घेतली, शेंडा कापला, बाजूचे चार फुटवे कापले. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पण समोर पाच उघड्या जखमा बघून मला काही राहवेना. एकेकीला मलम लावलं, ओली पट्टी बांधली, वर चिकटपट्टी. रोज सकाळी ड्रेसिंग बदलायचे आणि तक्त्यात नोंद करायचे (हसू नका). चौथ्या दिवशी पट्ट्या सोडते तो काय, तीन फुटवे काळे पडून त्यांचा पार लगदा झालेला. तुमच्या आईंची एवढी एकच खूण तुमच्यापाशी, आणि ती मी माझ्या हाताने नासवली. खोटं कशाला सांगू, रडले.

उरलेला शेंडा आणि एक फुटवा घेऊन तडक आमच्या हॉस्पिटलची बाग गाठली. माळीबुवांनी पट्ट्या पाहिल्या, झारी खाली ठेवली आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, ही जखम उघडीच ठेवायची. आठ दिवस सावलीत नुसती पडू द्या. वाळून खपली धरली की रेताड मातीत लावा. मुळं फुटेपर्यंत पाण्याचं नाव काढू नका." मी विचारलं, तोवर मी काय करायचं? म्हणाले, काहीच नाही. जाऊबाई, आयुष्यात इतकं अवघड काम मला कोणी सांगितलं नव्हतं. तांब्या उचलायचे आणि स्वतःलाच रागावून परत ठेवायचे. पण खपली धरली! मातीत लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा हळूच ओढून पाहिला, तर जागचा हलेना. फुटव्यानेही मूळ धरलंय. आणि ज्याच्यावर मी पाणी सोडलं होतं, त्या जुन्या बोडक्या दांड्याला खिडकीत ठेवल्यावर बारीक बारीक कोंब आलेत.

तुमचे आभार कसे मानू? रिटायर झाल्यावरही मी सकाळी सहाला वेणीफणी करून तयार होऊन बसायचे, आणि जायचं कुठेच नसायचं. तुम्ही ते बघत होतात, बोलला मात्र नाहीत. रोप न्यायला तुम्ही विसरला नव्हतात, हे मला आत्ता कळतंय. फार मोठं काम केलंत माझ्यासाठी.

सर्वांना यथायोग्य. डोळ्याला जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. : रोप आता काकूकडेच (म्हणजे माझ्याकडेच) राहू दे, असं तुम्ही चिरंजीवांना म्हणालात म्हणे. मी ठेवून घेणार नाही. पोस्टाने पाठवता येत नाही (चौकशी केलेली नाही). स्वतः येऊन घेऊन जा.

ता. क. दुसरा : आलात की न्यायची घाई करायची नाही. चहा मी अजूनही दोन कपच टाकते आणि दोन्ही मीच पिते. मला करमत नाही हो. या.