आतला जोड

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
आर्णीहून एसट्या बदलत दुपारी मुकुटबनला पोचले. सोबत अवधूतदादा. गावाबाहेर एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. दोन हंगाम झाले, कापूस येत नाही म्हणून बंद पडलेली. तिच्याच शेडमध्ये वेल्डिंग आणि पाइप फिटिंगचा वर्ग चालतो. दादा मागच्या साली इथेच शिकला. कापूस खरेदी केंद्रावरचं बाबांचं काम गेल्यापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण मी वेल्डर होणार म्हटल्यावर आई हसली. साडी नेसून करतात का ते, असं तिनं विचारलं.
शिकवणारे वामनराव मास्तर फार हळू बोलतात. रोज काय शिकलो ते लिहायला त्यांनी ही वही दिली. मी सगळंच लिहिणार आहे. या वर्षी विद्यार्थी दोनच, मी आणि दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा भावसिंग. स्वयंपाकाला तुळसाबाई. मी राहणार त्यांच्याच खोलीत.
दादा निघताना डोक्यावर हात ठेवून गेला. एवढा मायाळू तो कधीच नव्हता.

९ नोव्हेंबर
तीन दिवस रॉड नुसता पत्र्याला चिकटत होता. आज पहिल्यांदा सरळ रेघ ओढली. वरची खपली हातोडीनं उडवली की खाली चकचकीत धातू दिसतो, खवल्या-खवल्यांचा. मास्तर म्हणाले, हात चांगला आहे, श्वास रोखू नको. काल काच न लावता ठिणगीकडे पाहिलं, तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. तुळसाबाईंनी कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. त्या वेळी त्या म्हणाल्या, "काहून आली वं तू? कोनं आनलं तुले?" मी दादाचं नाव सांगितलं. त्या उठून चुलीकडे गेल्या.

१५ नोव्हेंबर
आज अंगणातला मोठा पाइप पाहिला. आग विझवायचं पाणी त्यातून टाकीपासून गाठी बांधायच्या प्रेसपर्यंत जातं. माणूस रांगत जाईल एवढा रुंद. हा पाइप दाबाला टिकला तरच मालकाचा जिनिंगचा परवाना टिकतो, आणि तो दरवर्षी एकाच जोडापाशी फुटतो. तो जोड आतून करायचा आहे. मास्तरांनी टेप लावून माझे खांदे मोजले. अवधूत म्हणाला होता त्यापेक्षा अर्धा इंच कमीच भरले, असं ते म्हणाले.
दादानं माझे खांदे कधी मोजले? आणि कशाला?

१८ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत पाइपाला टेकून बसले होते. आतून टकटक झाली. तीन वेळा. उन्हानं लोखंड वाजतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग मी बोटानं दोनदा वाजवलं. आतून दोनदा आलं.
भावसिंगनंही ऐकलं. तो ताट तिथंच टाकून उठला.

१९ नोव्हेंबर
भावसिंग गेला. आपली पेटीही इथेच टाकून. जाताना मला म्हणाला की चल, आत्ता चल, रस्त्यावर ट्रक मिळेल. मी नाही म्हटलं. दादानं पाठवलेल्या ठिकाणी वाईट काय असणार?

२१ नोव्हेंबर
तुळसाबाईंनी आज सांगितलं. भाजी निवडत, मान वर न करता.
आत आभा नावाची मुलगी आहे. दादाच्याच वर्गातली. जोड करायला आत गेली आणि मास्तरांनी पाइपाचं तोंड बंद करून पाणी सोडलं. पाइप वर्षभर फुटला नाही. त्याआधीच्या सालीही असंच झालं होतं. कुणी आत राहिलं की वर्षभर टिकतो, मग पुन्हा चिरतो आणि पुन्हा कुणीतरी लागतं. मी पोलिसांचं विचारलं. त्या म्हणाल्या, दोनदा पाइप उघडून पाहिला त्यांनी, आत कोणीच नव्हतं.
माझा विश्वास बसला नाही. मग बसला. टकटक ऐकली होती ना मी.
संध्याकाळी गावातल्या बूथवरून दादाला फोन केला. रडले. तो म्हणाला, उद्याच येतो न्यायला, कोनाले काही बोलू नको.

२२ नोव्हेंबर, सकाळ
दादा आला. त्याला बघून हायसं वाटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तुळसाबाईंचं डोकं ठिकाणावर नाही, आभाचं तर लग्न होऊन ती चंद्रपूरला गेली, असं तो म्हणाला. दुपारच्या गाडीनं निघायचं ठरलं. फक्त मास्तर प्रमाणपत्र अडवून बसतील, तेव्हा तेवढा एक जोड करून दे, असं त्याचं म्हणणं. पंधरा मिनिटांचं काम. तो स्वतः तोंडापाशी बसणार आहे.
तुळसाबाई दारात उभ्या आहेत. माझ्याकडे बघत नाहीत.
जाते. दादा आहे.

—
वही एप्रनच्या खिशात होती. टॉर्चच्या उजेडात लिहितेय.
जोड झाला. मान मागे वळवली तर उजेड नाही. झाकण लागलंय. बोल्ट आवळल्याचा आवाज. हाका मारल्या—
पाइपाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं नावं आहेत. वरची पुसट. आभा. त्याखाली अवधूत, खोडलेलं. त्याखाली गुंजन. माझं नाव दादाच्या अक्षरात.

तो बाहेर रडतोय. पाइपाला तोंड लावून बोलतोय. "गुंजे, औंदा माहा नंबर होता वं. मास्तर म्हने, बदल्यात कोनी आन. मी काय करू."
मी म्हटलं, मले विचारलं असतं तर—


पंप सुरू झाला. पाणी पायाशी. गार.
पुढच्या अंधारात टकटक. आता जवळ. तीन. मग काहीच नाही.
मग कुणीतरी सरकलं. मला जागा करून दिल्यासारखं.

पाणी छातीपर्यंत. वही वर धरलीय.
दादा बाहेरून विचारतोय, जोड कुठं गळते का. पुन्हा विचारतोय. मी त्याला—