बघून झालेली बाजू

४ मे १९९२

सुट्टी लागली. परभणीच्या आमच्या कॉलेजातला एकुलता एक कॉम्प्युटर आता दिवसभर माझा! गावाहून, ताडकळसहून, वडलांबद्दल आईचा निरोप — "आबाचं ध्यान ठिकान्यावर न्हाई, उनातान्हात बाहीर पडायलेत. येऊन जा." पुढच्या आठवड्यात जाईन. आत्ता उठले तर ही खुर्ची परत मिळायची नाही.

७ मे

सहकारी शोध चालला एकदाचा. कापसाच्या ट्रकांना सगळ्यांत जवळचा मार्ग हुडकायचा आहे. प्रोग्राममध्ये एक नाही, वीस शोधक सोडलेत. कुणाला बरी वाट सापडली की त्यानं इतरांना सांगायचं. कुठली बाजू बघून झाली तेही सांगायचं, म्हणजे दुसरा तिथं वेळ घालवत नाही. व्यंकटराव सर म्हणाले, "सहकारी? मग चेअरमन कोण?" त्यांचं नेहमीचंच.

१० मे

कॉलेजच्या ऑफिसात गावाहून भुजंगदादाचा फोन. आबा सकाळपासून घरी नाहीत. मिळेल ती एसटी धरली. आठवडाभराचं जागरण — वाटेत डोळा लागला.

गावात नुसता गोंधळ. कुणीतरी म्हणालं, म्हातारा पूर्णा जंक्शनच्या गाडीत दिसला, की झाडून सगळे पूर्णेला निघालेले. आबांचा जन्म रेल्वेत गेला, स्टेशनाशिवाय जातील कुठं! मी थांबवलं त्यांना. वाटा वाटून दिल्या. बघून आलं की मारुतीच्या पारावर येऊन सांगायचं, तिकडं पुन्हा कुणी जायचं नाही. दादा म्हणाला, "शीले, शिकल्याचा उपेग झाला बघ." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

आई म्हणाली, "परभनीच्या रस्त्याला न्हाई गेलं कोनी."

मी म्हटलं, "तिकडून तर मीच आले. ती बाजू झाली."

११ मे

पूर्णेत नाहीत. विहिरी बघितल्या, ओढा बघितला. पारावर येणारा प्रत्येक जण लांबूनच मान हलवतो. ऊन असं की चप्पल काढवत नाही.

१२ मे

आबा सापडले. परभणीच्या रस्त्यालगत, बाभळीखाली, पटका उशाला घेऊन. एका गुराख्याला दिसले. डॉक्टर म्हणाले, उन्हानं गेले — काल दुपारपर्यंत जीव असावा.

काल दुपारी मी पारावर बसून कोण कुठं बघून आला ते विचारत होते. एसटीत झोपले होते मी. खिडकीबाहेर एकदाही बघितलं नव्हतं.  आईनं चार शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

१४ मे

त्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या बायनाबाई भेटायला आल्या. घरून निघाले त्याच दिवशी आबांनी त्यांच्या दारात पाणी मागितलं होतं. कुठं निघालात, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "आमची शीला हरवलीय. कोनी हुडकायला तयार न्हाई, म्हनून मीच निघालो."