पडदा कोणी ओढायचा

कुळगाव, बदलापूर
८ डिसेंबर २०२४

ति. यशोधराताईस,
राजरत्नचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू रडतेस नाहीतर भांडतेस, म्हणून पत्र. चौकातल्या शहीद स्मारकावर अखेर बाबांचं नाव आलं. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. तेव्हापासून आईची एकच मागणी. जुन्या दगडावर जागा नाही, असं पुढारी तिला सांगत राहिले. देणगीदारांच्या नावांना मात्र त्याच दगडावर ऐसपैस जागा होती. आता नवा काळा दगड बसवलाय. सोळा तारखेला पडदा आईनेच ओढायचा, असं माजी नगरसेवक स्वतः घरी येऊन सांगून गेले. आईने पांढरी साडी दोनदा इस्त्री करून घेतली. तुझा गुडघा कसा आहे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
राजरत्न

उल्हासनगर, कॅम्प ४
११ डिसेंबर

चि. राजरत्न यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र वाचूनही रडलेच, तेव्हा तुझी युक्ती वाया गेली. खालच्या दुकानातल्या सिंधी काकूंना पेढे पाठवले. पण बाबा रे, इतकी वर्षं ज्यांनी आईला दारात उभं केलं नाही ते आपणहून घरी येतात, म्हणजे नगरपालिकेची निवडणूक आली असणार. तिला एकटी सोडू नकोस. मला जिना उतरवत नाही, म्हणून तिखटमीठ न लावता सगळं कळव. आणि तिकडे उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस.

आहे तसा लोभ राहू दे.
ताई

कुळगाव
१७ डिसेंबर

ति. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

किळस आली, ताई. दुसरा शब्द नाही. आईला पहिल्या रांगेत बसवलं, शाल घातली, फोटो काढले. पडद्याची वेळ झाली तशी संयोजकांपैकी एक बाई येऊन तिच्या कानात म्हणाल्या की आजी, शुभकार्य आहे, सवाष्णीच्या हातून होऊ दे. मग माजी नगरसेवकांच्या बायकोने पडदा ओढला, ओवाळलं, एकेका नावाला हळदकुंकू लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहिदांच्या दगडापाशी विधवा अशुभ म्हणे. त्या दगडावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्या बायका दुसरं काय होणार होत्या? मी उठलो होतो, पण आईने माझं मनगट धरून ठेवलं. घरी येऊन ती जेवली नाही. खरं सांगतो, मला तिचाही राग आला.

आज सकाळी ती घरात दिसेना. धावत चौकात गेलो. आई बादली घेऊन दगडापाशी बसली होती आणि ओल्या फडक्याने बाबांच्या नावावरचं कुंकू पुसत होती. चहाच्या टपरीवरून कोणीतरी म्हणालं की आजी, कशाला पुसता, असू दे की. आईने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली की माझं पुसलं तेव्हा कोणी असू दे म्हणालं नव्हतं.

गुडघा सांभाळ, आमच्यावर जीव असू दे.
तुझा,
राजरत्न