सासूच्या खांद्यावरचे पाय

जानेफळ, गुरुवार, संध्याकाळ

रुपाली गेली. घरी येऊन चहा ओतला, तो समोर तसाच गार झाला.

बाळंतपणानंतर तिचं रक्त थांबेना, बीपी उतरत चाललं. मी नर्स, म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये तिच्यासोबत निघाले. तिला सपाट झोपवलं, सलाईन सुरूच होतं. पाय उंच ठेवायचे, म्हणजे उरलंसुरलं रक्त काळजाकडे येतं. पण मेहकरच्या रस्त्याला पायाखालच्या उशा सारख्या घसरायच्या, आणि माझे दोन्ही हात रक्त थांबावं म्हणून तिचं पोट दाबण्यात गुंतलेले. तिची सासू म्हणाली, "मले द्या," आणि सुनेचे पाय सरळ आपल्या खांद्यावर घेतले.

किती गार होते ते पाय! अर्धवट शुद्धीतही रुपाली ते ओढून घ्यायला लागली. "आत्याबाई, माये पाय लागून राह्यले तुमाले."

"लागू दे वं माय. काही नाही होत."

म्हातारी ते गार पाय पदरानं चोळत राहिली. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा नाडी लागेना. डॉक्टरांनी तपासून मान हलवली, तरी ती पाय खाली ठेवीना. मीच हळूच सोडवले.

अजून लवकर निघता आलं असतं का? नाही. रक्त थांबत नाही म्हटल्यावर लगेच निघालो होतो.

बाहेर ओट्यावर म्हातारीनं माझा हात धरला. "बाई, माये हात खाली तर नाही गेले ना?"

"नाही मावशी. पाय अगदी बरोबर धरले होते तुम्ही."

खरंच धरले होते.

"मंग काऊन गेली वं माई पोरगी?"

तिच्याजवळ बसून मीही रडले.